आजीचे औषध : रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम

रजोनिवृत्तीवरील लेख बालरोगतज्ज्ञाने लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या मंडळातील माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणींनाही ते वाटले. परंतु ज्या रुग्णामुळे मी या विषयाच्या अभ्यासाकडे वळले, ती रुग्ण अवघ्या साडेतीन वर्षांची होती.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमधील एका दुपारी एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. आंघोळ घालताना मुलीच्या छातीवर दोन्ही बाजूंना गाठीसारखे काहीतरी हाताला लागते, अशी तिची तक्रार होती. तपासल्यावर ती गाठ नसून स्तनांची वाढ आहे, हे स्पष्ट झाले. आठ वर्षांच्या आत मुलीत अशी वाढ दिसली की बालरोगतज्ज्ञ ठराविक मार्गाने जातो. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहिले, ओटीपोटाची सोनोग्राफी केली, रक्तातील संप्रेरके तपासली. हाडांचे वय बरोबर होते आणि सोनोग्राफीत काही दोष नव्हता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची संप्रेरके त्या वयाला साजेशी, अगदी खालच्या पातळीवर होती. इस्ट्रोजेन मात्र वाढलेले होते. याचा अर्थ असा की, मुलीचे शरीर स्वतःहून वयात येत नव्हते; इस्ट्रोजेन बाहेरून येत होते.

घरात कोणी गर्भनिरोधक गोळ्या घेते का, एखादे मलम वापरते का, असे मी आईला विचारले. उत्तर नकारार्थी आले. पुढच्या खेपेस मुलीबरोबर तिची आजी आली. वय बावन्न. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आजी क्षणभर गप्प राहिल्या, सुनेकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "मी हातांना जेल लावते. अंगातून वाफा निघतात म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिले आहे. पण ते माझ्यासाठी आहे, मॅडम." आई दिवसभर नोकरीवर. आजी आंघोळीनंतर दोन्ही दंडांवर जेल लावीत आणि जेवण उरकले की नात त्याच दंडावर डोके ठेवून झोपत असे.

मी आजींना एका वाक्यात सांगितले, "ते औषध आजपासून बंद करा." चार महिन्यांत मुलीची स्तनवृद्धी मावळली आणि निदान बरोबर ठरल्याचे समाधान घेऊन मी मोकळी झाले.

दिवाळीनंतर आजी नातीच्या खोकल्यासाठी आल्या, तेव्हा मी त्यांना प्रथम ओळखलेच नाही. रात्री दोन-तीनदा पलंगपोस भिजेल इतका घाम, झोप नाही, छातीत धडधड. ई.सी.जी. झाला, टू-डी इको झाला, दोन्ही सुरळीत निघाले. कोणीतरी झोपेची गोळी दिली होती. नात टेबलावर बसली होती आणि आजी तिच्यापासून हातभर दूर उभ्या होत्या. "मी हिला जवळ घेत नाही हो हल्ली," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगातून पुन्हा काही जाईल तिच्यात."

औषध सहा महिन्यांपूर्वी बंद झाले होते. ते बंद करताना त्याऐवजी काय, हे मी सांगितले नव्हते. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना एक दूरध्वनीही केला नव्हता. एका रुग्णाला बरे करताना दुसरीचे औषध मी एका वाक्यात काढून घेतले होते. पुढील मजकूर हा त्यानंतर केलेल्या अभ्यासाचा सारांश आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना यात नवीन फारसे सापडणार नाही. इतर शाखांतील व्यवसायबंधूंना आणि समाजातील भगिनींना कदाचित सापडेल.

भीती कोठून आली?

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे आपण मानतो. सुश्रुतसंहितेने रजःकालाची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितली आहे. पाश्चात्त्य देशांत आज रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, भारतीय स्त्रियांत ते ४६-४७. म्हणजे आपल्याकडील स्त्रीला इस्ट्रोजेनच्या अभावात आयुष्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक काळ काढावयाचा असतो.

घोडीच्या मूत्रातून काढलेले संयुक्त इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ मध्ये बाजारात आले. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने 'फेमिनिन फॉरएव्हर' नावाचे पुस्तक लिहून हे औषध म्हणजे चिरतारुण्य असा प्रचार केला. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे सिद्ध झाले आणि गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध देणे आवश्यक ठरले. मग आला जुलै २००२. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांची शाखा सरासरी ५.२ वर्षांनी, नियोजित मुदतीआधी थांबविण्यात आली. वृत्तपत्रांतील मथळा होता : स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो.

तो मथळा चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष औषध घेतले, तर स्तनांच्या कर्करोगाचे ३० ऐवजी ३८ रुग्ण आढळले. पक्षाघाताचे २१ ऐवजी २९. मांडीच्या हाडाच्या खुब्यातील अस्थिभंग मात्र १५ ऐवजी १० आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग १६ ऐवजी १०. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यांना एकच ठराविक गोळी, एकाच मात्रेत, तोंडावाटे दिली गेली होती. तिच्यात घोडीच्या मूत्रातील इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन होते. पन्नाशीच्या आत वाफांनी बेजार झालेल्या स्त्रीला एस्ट्राडायॉलचे जेल आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन देताना हे आकडे जसेच्या तसे लावणे म्हणजे साठीतल्या माणसाच्या मधुमेहाची आकडेवारी विशीतल्या तरुणाला लावण्यासारखे आहे. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देणारी दुसरी शाखा पक्षाघाताच्या वाढीमुळे २००४ मध्ये थांबली, परंतु तिच्यात स्तनांचा कर्करोग वाढलेला नव्हता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात तो उलट कमी आढळला.

याची दुसरी बाजू लपवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ने जगभरातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापले. पन्नाशीपासून पाच वर्षे इस्ट्रोजेन आणि रोजचे प्रोजेस्टोजेन घेतल्यास पुढील वीस वर्षांत दर ५० स्त्रियांमागे एकीला स्तनांचा जास्तीचा कर्करोग होतो. केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास दर २०० मागे एकीला. शेवटचा आकडा वरील अभ्यासाशी जुळत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. या प्रश्नावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील चौकटीतले कडक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा काही ठिकाणी आनंदोत्सव झाला. मला त्यात १९६६ चा लंबक पुन्हा झुकताना दिसतो. केवळ इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तरास होणाऱ्या धोक्याचा इशारा त्यांनीही कायम ठेवला आहे, एवढे ध्यानात असावे.

साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर असेल आणि निषेधाचे कारण नसेल, तर फायदा तोट्याहून अधिक, हा आज बहुतेक तज्ज्ञ संस्थांचा कौल आहे. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेला असणे, कारण न कळलेला रक्तस्राव, रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, यकृताचा सक्रिय आजार ही निषेधाची प्रमुख कारणे.

पहिले तीन महिने

औषध सुरू झाल्यावर बहुतेक तक्रारी पहिल्या तीन महिन्यांत येतात आणि बहुतेक स्त्रिया औषध सोडतात तेही याच काळात. सोडताना त्या डॉक्टरांना सांगत नाहीत. औषधाचा कागद पर्समध्येच राहतो, शेजारणीच्या सल्ल्याने गोळ्या कपाटात जातात आणि पुढच्या तपासणीला त्या जातच नाहीत. म्हणून पहिली भेट सहा ते बारा आठवड्यांत ठेवावी आणि काय होऊ शकेल हे औषध लिहितानाच सांगावे. "स्तन दुखतील, बहुधा दोन महिन्यांत थांबेल" हे आधी ऐकलेली स्त्री घाबरत नाही. तेच न ऐकलेली स्त्री तिसऱ्या आठवड्यात कर्करोगाच्या भीतीने रात्र काढते.

दुष्परिणाम कोणत्या घटकाचा, हे ओळखणे ही व्यवस्थापनाची पहिली पायरी. स्तनांत ताठपणा व दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे हे बहुधा इस्ट्रोजेनमुळे. मळमळ गोळी जेवणासोबत किंवा झोपताना घेतल्याने कमी होते. तेवढ्याने भागले नाही तर मात्रा निम्मी करावी किंवा गोळीऐवजी जेल अथवा त्वचेवरील पट्टी द्यावी. चिडचिड, रडू येणे, पोट फुगणे, मुरुमे, म्हणजे पाळीपूर्वीच्या दिवसांसारखी अवस्था, हे बहुधा प्रोजेस्टोजेनचे काम. तेथे इस्ट्रोजेन कमी करून काही साधत नाही. प्रोजेस्टोजेनचा प्रकार बदलावा लागतो. नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या जागी मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन अनेकींना सोसते. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनने झोप येते. ते सकाळी घेणारी स्त्री दिवसभर गुंगीत राहते, रात्री घेणारीला तीच गुंगी वरदान ठरते. तोंडावाटे काहीच सोसत नसेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी तांबी गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करते आणि रक्तात फारच थोडे औषध जाते. ही 'तांबी' तांब्याची नसते, पण आपल्याकडे सगळ्यांनाच तांबी म्हणतात.

वजनाविषयी दोन शब्द. "हार्मोन घेतले आणि जाडी वाढली" हे वाक्य मी हळदीकुंकवाला इतक्यांदा ऐकले आहे की ते खोडून काढण्याचा उत्साह आता राहिलेला नाही. या वयात वजन औषधाविनाही वाढते. संप्रेरक उपचारांनी ते अधिक वाढते असा पुरावा नाही.

डोकेदुखी, विशेषतः अर्धशिशी, ही इस्ट्रोजेनच्या चढउतारांवर पोसते. गोळीने रक्तातील पातळी रोज वर-खाली होते. पट्टी किंवा जेलने ती बरीचशी स्थिर राहते. म्हणून येथेही मार्ग बदलणे हाच पहिला उपाय.

मार्ग बदलण्यास एवढे महत्त्व का, हे इतर शाखांच्या डॉक्टरांसाठी थोडे विस्ताराने सांगते. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि यकृताला रक्त गोठविणारे घटक अधिक बनवावयास लावते. त्यामुळे शिरांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. त्वचेवाटे गेलेले इस्ट्रोजेन यकृतास वळसा घालते. फ्रान्समधील 'एस्थर' अभ्यासात त्वचेवाटे औषध घेणाऱ्या स्त्रियांत गुठळीचा धोका वाढलेला आढळला नाही. लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड, पित्ताशयातील खडे यांपैकी काही असेल तर गोळीपेक्षा जेल बरे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्या दवाखान्यांत किती आहे हे आपण जाणतोच. तोंडावाटे इस्ट्रोजेन सुरू केले की थायरॉक्सिन बांधणारे प्रथिन वाढते आणि गोळी अपुरी पडू लागते. सहा ते बारा आठवड्यांनी टी.एस.एच. पाहिला नाही, तर थकवा, केसगळती आणि सुस्ती यांचे खापर संप्रेरक उपचारांवर फुटते. हा घोटाळा फिजिशियनच्या दवाखान्यात सहज पकडता येतो.

रक्तस्राव

स्त्रियांना सर्वाधिक घाबरवणारी आणि डॉक्टरांची सर्वाधिक परीक्षा पाहणारी तक्रार हीच.

प्रोजेस्टोजेन महिन्यातून बारा-चौदा दिवस दिले तर ते संपताना पाळीसारखा स्राव होतो. तो अपेक्षित आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही रोज दिले तर स्राव होऊ नये, परंतु पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडणे सामान्य मानले जाते. शेवटच्या पाळीला वर्ष झालेले नसताना रोजची पद्धत सुरू केली तर हे डाग हमखास पडतात. अशा स्त्रीला काही काळ मासिक पद्धतीवर आणणे हा उपाय. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे संप्रेरकांचा निचरा जलद करतात आणि स्राव अनियमित होतो. गोळ्या विसरल्या तरी होतो.

सहा महिन्यांनंतरही डाग पडत राहणे, स्राव थांबून पुन्हा सुरू होणे किंवा तो जास्त असणे, यांपैकी काहीही झाले तर योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहावी आणि गरजेनुसार तुकडा तपासावा. लठ्ठपणा, मधुमेह किंवा कुटुंबात गर्भाशयाचा कर्करोग असेल तर सहा महिने थांबूही नये. "हार्मोनमुळेच असेल" असे म्हणून रुग्णेला परत पाठविणे ही आपली चूक, आणि "हार्मोनमुळेच असेल" असे म्हणून घरी बसणे ही रुग्णेची.

याहून घातक एक गोष्ट आपल्या समाजात घडते. मासिक पद्धतीतला स्राव नेमका महालक्ष्म्यांच्या दिवसांत येणार असे दिसले की घरातील स्त्री प्रोजेस्टोजेनची गोळी पुढे-मागे करते किंवा त्या महिन्यात घेतच नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू ठेवते, कारण वाफा थांबतात त्या त्याच्यानेच. काहींना तर प्रोजेस्टोजेनने चिडचिड होते म्हणून "ती दुसरी गोळी" कायमचीच नकोशी होते. गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन घेत राहणे म्हणजे १९७५ चा धडा पुसून टाकणे होय. सोवळ्याओवळ्याच्या वादात मी शिरत नाही. सणांच्या तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात; त्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितल्या तर गोळ्यांचे दिवस त्या बसवून देतात. दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून त्या या उपचारांवर चढविणे अगदी वर्ज्य. त्यांतील नॉरएथिस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेचा काही अंश शरीरात तोंडावाटे घ्यावयाच्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि गुठळीचा धोका जो आपण जेल देऊन टाळला, तो मागच्या दाराने परत येतो.

इंदूरमध्ये आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : औषध शाकाहारी आहे का? घोडीच्या मूत्रातील इस्ट्रोजेनचे उत्तर उघड आहे. एस्ट्राडायॉल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून बनविता येतात, परंतु मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि काही उत्पादनांत आत शेंगदाण्याचे तेल असते. जिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तिच्यासाठी हा धर्माचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. उत्तर न मिळालेली स्त्री कॅप्सूल गिळत नाही, एवढेच.

जेल आणि घरातील मुले

आता माझ्या विषयाकडे वळते. एस्ट्राडायॉलचे जेल किंवा फवारा त्वचेवर लावल्यावर काही काळ पृष्ठभागावर राहतो आणि त्या जागेला चिकटून झोपलेल्या मुलाच्या पातळ त्वचेतून आत जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१० मध्ये अशा एका फवाऱ्याबाबत जाहीर इशारा दिला होता : मुलींत अकाली स्तनवृद्धी, मुलग्यांतही छातीची वाढ, घरातील पाळीव प्राण्यांतही परिणाम. बालरोगतज्ज्ञांनी तो वाचावयास हवा होता. मी तो त्या मुलीनंतर वाचला.

टाळण्याचा मार्ग साधा आहे. जेल दंडाऐवजी मांडीच्या आतील बाजूस लावावे. स्तनांवर कधीही लावू नये. पाच मिनिटे वाळू द्यावे, वर कपडा असावा, हात साबणाने धुवावेत आणि किमान तासभर त्या जागेला दुसऱ्या कोणाचा स्पर्श होऊ देऊ नये, ती धुऊही नये. जिच्या मांडीवर-खांद्यावर दिवसभर मूल असते, तिने ते रात्री, मूल वेगळे झोपल्यावर लावावे. पट्टी हा दुसरा पर्याय. पण मे महिन्यातील नवतपात घामाने पट्टी सुटते आणि सुटलेली पट्टी रांगणाऱ्या बाळाच्या अंगाला चिकटू शकते. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडूनच टाकावी.

एवढे करून मुलात लक्षणे दिसलीच तर घाबरण्याचे कारण नाही. स्पर्श थांबला की वाढ बहुधा मावळते. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास मात्र हाडांचे वय पुढे जाऊ शकते, म्हणून तपासणी टाळू नये.

ज्यांना द्यावयास हवे, त्यांना मिळत नाही

दुष्परिणामांची चर्चा करताना न दिलेल्या औषधाचे दुष्परिणाम आपण मोजत नाही. येथे मला मराठवाड्यातील बीड जिल्ह्याची आठवण करावीशी वाटते. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. तीन वर्षांत खासगी रुग्णालयांतून ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. पुढे झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या स्त्रियांत तिशीतल्या, त्याहूनही लहान अशा होत्या. मुळात किती शस्त्रक्रिया आवश्यक होत्या, यावर बरेच लिहिले गेले आहे. त्यानंतरच्या उपचारांवर फारसे नाही.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये गेली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते. तिशीतल्या स्त्रीची हाडे आणि हृदय तेथून पुढे वीस वर्षे इस्ट्रोजेनविना जातात. अशा स्त्रीला, तसेच चाळिशीच्या आत अंडाशये आपोआप थांबलेल्या स्त्रीला, निषेधाचे कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत तरी संप्रेरके द्यावीत, यावर तज्ज्ञांत मतभेद नाही. तेथे आपण अधिकचे काही देत नाही, गेलेले परत करतो. २००२ च्या अभ्यासातील त्रेसष्ट वर्षांच्या स्त्रियांची भीती तिला दाखविणे सर्वस्वी चुकीचे. तरीही प्रत्यक्षात तिच्या कागदावर कॅल्शियमच लिहिलेले असते. गर्भाशय नसल्याने तिला प्रोजेस्टोजेनही सहसा लागत नाही, म्हणजे निम्मे दुष्परिणाम तेथेच टळतात.

योनिमार्गातील कोरडेपणा, जळजळ, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांसाठीचे इस्ट्रिऑल क्रीमही असेच दुर्लक्षित. ते रक्तात इतके अल्प जाते की सोबत प्रोजेस्टोजेन लागत नाही. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. स्त्रिया ही तक्रार स्वतःहून सांगत नाहीत, विचारावी लागते.

ज्यांना संप्रेरके चालत नाहीत, त्यांच्यासाठी व्हेनलाफॅक्सिन, पॅरोक्सेटिनची अल्प मात्रा, गॅबापेंटिन हे वाफांवरील पर्याय आहेत. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरोक्सेटिन देऊ नये. ते टॅमॉक्सिफेनचे कार्य अडविते. टिबोलोन साठीनंतर नव्याने सुरू करू नये. वयस्क स्त्रियांत पक्षाघात वाढल्याने त्याचा मोठा अभ्यास २००६ मध्ये थांबवावा लागला होता.

आणि ज्यासाठी थांबावयाचे नाही ते : एकाच पायाला सूज व दुखणे, एकाएकी धाप किंवा छातीत कळ, बोलताना जीभ अडखळणे, अर्धे अंग लुळे पडणे, दृष्टी जाणे. औषध बंद करून त्याच तासाला रुग्णालय गाठावे. स्तनात गाठ किंवा कावीळ दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टर. इतर कोणत्याही तक्रारीसाठी औषध आपणहून बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे.

त्या आजींच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मी दूरध्वनी केला, सहा महिन्यांनी. त्यांनी तपासणी व मॅमोग्राफी करून अर्ध्या मात्रेपासून जेल पुन्हा सुरू केले, मांडीवर, रात्री दहानंतर. सोबत झोपताना प्रोजेस्टेरॉन. तिसऱ्या आठवड्यात घाम कमी झाला. सुनेची समजूत पटविण्यास त्याहून अधिक वेळ लागला. तिला मी जेल लावण्याची पद्धत कागदावर लिहून दिली. मुलीची दर तीन महिन्यांनी तपासणी करण्याचे ठरविले आणि वर्षभर ती केली. स्तनवृद्धी परतली नाही.

पाचव्या वर्षाच्या लसीसाठी मुलगी आजीबरोबरच आली. सुई पाहून तिने आजीच्या दंडात तोंड खुपसले. आजींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून होकार दिला आणि दुसऱ्या दंडावर लस टोचली.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यातील केसपेपरवर आहार आणि लसीकरणाच्या रकान्यांखाली आणखी एक ओळ छापलेली आहे : घरात कोणी संप्रेरकांचे जेल, क्रीम अथवा पट्टी वापरते का? ती ओळ भरताना मी आईला नव्हे, तर बरोबर आलेल्या आजीला विचारते, आणि शक्यतो इतर कोणी ऐकत नसताना.